कानटोपी घातलेला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. दचकू नका, आत्ता मी बंद आहे. माझी वायर काढलेली आहे. एका भाड्याच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात, दोन फुटक्या दिव्यांच्या शेजारी मी पडून असतो. जन्मभर ऐकण्याचं काम केलं. बोलण्याची पाळी आज पहिल्यांदा आली आहे, तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

मी दिसायला काही फार देखणा नाही. हातभर लांबीची एक काळी नळी, बस्स. पण कारखान्यात मला तयार केल्यावर एका खोलीत नेलं होतं, ती खोली मी विसरलेलो नाही. तिच्या भिंती आवाज गिळून टाकत. तिथे उभं राहिलं की माणसाला स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येई आणि तो उगाचच खाकरे. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर कागदाचा कपटा चुरगळला, कानाला लावलेल्या यंत्रात ऐकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "याचा कान चांगला आहे गं." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

माझे पहिले मालक एक वयस्कर ध्वनिमुद्रक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजींची एक रीत होती. ध्वनिमुद्रण सुरू करताना ते मोठ्याने म्हणत, "आवाज सुरू!" आणि थांबवताना तितक्याच मोठ्याने, "आवाज बंद!" समोर मंत्री बसलेला असो की रस्ता झाडणारा, या दोन आरोळ्या चुकत नसत. लोक हसत. "गुरुजी, आम्ही काय बहिरे आहोत?" असं विचारत. गुरुजी सांगत, "अरे, कॅमेरा दिसला की माणूस केस सारखे करतो. माइक मात्र डोळ्यांसमोर असला तरी तो विसरतो. म्हणून आठवण आपण करून द्यायची. नाहीतर आपल्यात आणि दाराला कान लावणाऱ्यात फरक काय?"

पुढे गुरुजींचेच कान मंदावले. मग त्यांनी मला आपल्या एका विद्यार्थिनीच्या हाती दिलं. तिला सगळे 'आवाजवाली' म्हणत. तिने मला आपल्या हातांनी एक कानटोपी शिवली. तिच्या आईचा एक जुना कोट होता, त्याच्या केसाळ, करड्या कॉलरची. मित्रांनो, ही कानटोपी कशासाठी असते ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. वारा थेट माझ्या तोंडावर आला की नुसती घरघर होते, शब्द कळत नाहीत. कानटोपी वाऱ्याला अडवते. आवाजाला अडवत नाही. कानटोपी घालूनही मला सगळं ऐकू येतं, उलट अधिक स्वच्छ येतं.

आवाजवाली मला पोरासारखं जपे. पावसाळी हवेत कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवी. कोणी मला एका हाताने उचललं तर ती वसकन अंगावर जाई. आणि गुरुजींच्या दोन्ही आरोळ्या तिने तशाच्या तशा उचलल्या होत्या. मला वाटे, आपलं नशीब थोर आहे.

अशातच दादा आला. दादा चित्रपट करणारा. आवाजवालीचा जुना मित्र. बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यावाचून या माणसाचं पान हलत नाही. त्याने आपल्या मित्रमंडळींपुढे एक कल्पना मांडली. शहराच्या पोटातून धावणाऱ्या भुयारी रेल्वेतले प्रवासी घ्यायचे. प्रत्येकाने एका प्रवाशावर एक छोटासा चित्रपट करायचा. मग ते सगळे एकापुढे एक ओवून एक मोठा चित्रपट करायचा. कॅमेरे ज्याचे त्याचे होते. चांगला माइक मात्र सगळ्यांत मिळून मी एकटाच होतो. त्यामुळे त्या माळेतला प्रत्येक मणी माझ्या कानाखालून गेला. (कोणी तसं श्रेय दिलं नाही, ती गोष्ट वेगळी.)

काय दिवस होते ते! डब्यात चढताना एका लांब काठीच्या टोकाला मी, अंगावर वाऱ्यासाठी कानटोपी, आणि खाली आवाजवाली. लोक म्हणत, "ही बाई जाळी काढायला आलीय की काय डब्यात?" एकाने मला मांजर ठरवलं. एक आजीबाई तर रोज विचारत, "याला खायला काय घालता?"

मी माणसांचा हिशेब ठेवत असे. प्रत्येकाची माझ्याकडे दोन खाती. 'आवाज सुरू' म्हणण्याआधीचं बोलणं एका खात्यात, नंतरचं दुसऱ्यात. एक शिक्षक आधी म्हणाले, "काय ते लवकर उरका, इथे उभं राहवत नाही या गर्दीत." आरोळी झाली आणि तेच म्हणाले, "आम्ही प्रवासी म्हणजे एक मोठं कुटुंब आहोत." दोन कारकून होते, खिडकीजवळच्या एकाच जागेवरून रोज भांडत. त्यांच्यावरच एक चित्रपट झाला. पण त्यातला एक आजारी पडला, त्या दिवशी दुसरा स्वतः उभा राहिला आणि त्या जागेवर आपली पिशवी ठेवून कोणाला बसू देईना. "येईल तो," म्हणाला, "आणि नंतर माझं डोकं खाईल." आरोळीआधीही हेच म्हणाला होता आणि नंतरही हेच; दोन्ही खाती जुळावीत असा तो एवढा एकच माणूस मला भेटला.

आता त्या चुकीकडे येतो. डब्यातलं काम झालं की आवाजवाली "आवाज बंद" म्हणे आणि फलाटावर उतरण्याआधी मला कानटोपी घाली, कारण गाडी आली-गेली की भुयारातून वाऱ्याचा लोंढा येई. लोक हे रोज बघत. हळूहळू त्यांची समजूत झाली की कानटोपी घातली म्हणजे माइक बंद. साहजिकच होतं. कान झाकल्यावर ऐकणार कसं? एकदा एका तिकीट तपासनिसाने मला कानटोपी घातलेली पाहिली आणि हुश्श करून तो साहेबांना शिव्या द्यायला लागला. आवाजवाली हसली. "काका, थांबा. कानटोपीतून याला ऐकू येतं. मी 'बंद' म्हटलं नाही ना अजून?" बिचारा जीभ चावून पुढच्या डब्यात पळाला.

सगळे हसले, पण दादा हसला नाही. त्याचे डोळे लकाकले. त्याने आवाजवालीला बाजूला घेतलं.

"तू त्याला सांगितलंस कशाला?"

"म्हणजे? सांगायला नको?"

"अगं, आरोळी ठोकली की माणूस नाटक करतो. आणि याला टोपडं घातलं की खरं बोलतो. तू ऐकलंस ना, कसा बोलत होता! आपल्याला तेच हवंय."

"दादा, ही लबाडी आहे."

"लबाडी कसली? तू खोटं बोलू नकोस. फक्त काही बोलू नकोस."

आवाजवालीने माझी काठी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. मी काठीच्या टोकावर होतो, मला तिचा श्वास ऐकू येत होता. तो 'नाही' म्हणणाऱ्या माणसाचा श्वास नव्हता.

दादाच्या वाट्याची प्रवासी होती एक विणणारी बाई. हॉस्पिटलात टेलिफोनवर काम करायची. रोज सकाळी पहिल्या स्थानकावर चढायची, कोपऱ्यातली जागा धरायची आणि लोकरीचं विणत बसायची. ती आधी तयारच नव्हती. शेवटी म्हणाली, "हात घ्या हवे तर. तोंड नको. आमच्याकडे आवडणार नाही." दादा म्हणाला, "काकू, तुमच्या इच्छेबाहेर एक अक्षर घेणार नाही." हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. आवाज सुरू असताना.

तिने थोडं विणकामाबद्दल सांगितलं. सुया, टाके, लोकर कशी निवडावी. कॅमेरा खाली आला. पुढचं स्थानक येत होतं. आवाजवालीने मला कानटोपी घातली. काकूंनी माझ्याकडे बघून हसून म्हटलं, "झोपला वाटतं बिचारा. झालं ना तुमचं?"

आवाजवालीचे ओठ उघडले. दादाने हळूच तिचं कोपर दाबलं. तिने मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते सांगता येणार नाही. 'आवाज बंद' हे दोन शब्द मात्र ती म्हणाली नाही.

दार उघडलं, पण आम्ही उतरलो नाही. एक बाई चढली आणि काकूंच्या शेजारी येऊन बसली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दोघींच्या नजरा समोरच्या जाहिरातीवर. पण त्या बोलू लागल्या आणि मला लगेच कळलं, या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींच्या आवाजाला एकच कड होती.

"डोळे सुजलेत तुझे," धाकटी ओठ न हलवता म्हणाली.

"कांदा चिरला."

"रात्रभर?"

"गप्प बस. समोर बघ."

"समोर तो दातांच्या जाहिरातीतला बाप्या हसतोय. त्याच्याकडे बघू?"

"बघ. तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा दिसतोय."

"आणि तुझा, ताई? तो हसतो का गं कधी?"

"एकदा हसला होता. लग्नाच्या फोटोत. तेही फोटोवाल्याने दटावलं म्हणून."

दोघी हसल्या. समोर बघत, खांदे हलवत, आवाज दाबून. मग थोरलीने, म्हणजे काकूंनी, पिशवीतून स्वेटरची विणलेली पाठ काढली आणि दोघींच्या मधे ठेवली. धाकटीने ती न बघता आपल्या पिशवीत सारली.

"बाह्या पुढच्या आठवड्यात. पोर वाढलं असेल. किती ते नीट सांग."

"एक वीत."

"कोणाची वीत? तुझी की माझी?"

"आईची," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं. या दोन बहिणी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या होत्या. बहिणीही आणि जावाही. भावांचं मिळून खुर्च्या-कोच दुरुस्त करायचं दुकान होतं. एक दिवस भाऊ भांडले, दुकानाच्या मधे भिंत घातली आणि दोघांनी आपापल्या बायकोला सांगितलं, त्या घराशी बोलायचं नाही. रस्त्यात दिसली तरी नाही. तेव्हापासून या दोघी रोज सकाळी याच डब्यात, याच बाकावर, काही स्थानकांपुरत्या बहिणी होत. मग आधी धाकटी उतरे. मागे वळून बघत नसे. थोरली तिच्या जागेवर पिशवी ठेवी आणि विणायला लागे. घरी सांगितलं होतं, स्वेटर हॉस्पिटलातल्या एका बाईच्या लेकीसाठी आहे.

त्या संध्याकाळी आवाजवाली दादाला म्हणाली, "हे पुसून टाकते."

"वेडी आहेस का? ठेव. वापरणार नाही मी. नुसतं ऐकायला ठेव."

"शप्पथ?"

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

माणसं हा प्रश्न कधी विचारतात, ते माझ्या हिशेबात पक्कं लिहिलेलं आहे. पण मला कोण विचारतो? आवाजवालीने ते त्याच्या हवाली केलं.

चित्रपट तयार झाला. मोठ्या सभागृहात पहिला खेळ ठरला. ज्यांच्यावर छोटे चित्रपट झाले होते, त्या सगळ्या प्रवाशांना बोलावणं गेलं. दादाने आवाजवालीला सांगितलं, "माइक घेऊन ये. लोकांचं हसणं, टाळ्या, सगळं घे. जाहिरातीला उपयोगी पडेल." म्हणून मीही होतो, सभागृहाच्या कडेला, काठीवर.

काकू आल्या होत्या. एकट्या नाही. इस्त्रीची साडी, केसांत फूल, सोबत नवरा आणि सासूबाई. नवऱ्याने नवा सदरा घातला होता, त्याची घडी करकरत होती. काकू आवाजवालीला म्हणाल्या, "हे येतच नव्हते. म्हटलं, बघा तरी, तुमच्या बायकोचे हात पडद्यावर येणार आहेत." सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, "आमची सून आहे हो यात."

आवाजवालीचा चेहरा पांढरा पडला. ती दादाकडे धावली. "काकूंच्या चित्रपटात ते नाही ना? दादा, ते नाही ना?" दादा कोणाशी तरी हात मिळवत होता. "बस जाऊन. सुरू होतंय."

पडद्यावर काकूंचे हात आले. सुंदर दिसत होते, खोटं कशाला सांगू. मग हात गेले, काळी खिडकी आली, आणि त्या काळोखावर सभागृहभर आवाज आला, "डोळे सुजलेत तुझे." "कांदा चिरला."

लोक हसले. दातांच्या जाहिरातीला हसले. लग्नाच्या फोटोला तर अख्खं सभागृह खदखदून हसलं, कोणी शिट्टीही मारली. तो नवा सदरा करकरायचा थांबला, ते मला ऐकू आलं. मित्रांनो, मला वाटतं, बायको आपल्या बहिणीला भेटते एवढंच कळलं असतं तर तो माणूस दोन दिवस धुमसून गप्प बसला असता. पण इतक्या लोकांनी आपल्याला हसावं, तेही आपण नवा सदरा घालून त्यांच्यात बसलेलो असताना, हे त्याला कसं सोसणार?

दिवे लागले. टाळ्या संपेनात. काकू उठून थेट आवाजवालीकडे आल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "कानटोपी घातली होती ना गं त्याला?"

मागून नवरा म्हणाला, "चल घरी. उद्यापासून मी येत जाईन तुला सोडायला." सासूबाईंनी सुनेचा हात धरला.

नंतर बाहेरच्या खोलीत आवाजवाली दादावर तुटून पडली. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चेहरा दाखवला का मी? नाव घेतलं का? आणि तू 'आवाज बंद' म्हणाली होतीस का? नाही ना? मग खोटं कोण बोललं, सांग."

त्या चित्रपटाला पुढे एक पुरस्कार मिळाला. कशाचा, माहीत आहे? उत्कृष्ट ध्वनीचा. परीक्षक म्हणाले, प्रवाशांचे इतके खरे आवाज आम्ही आजवर ऐकले नव्हते. तो घ्यायला आवाजवाली गेलीच नाही. दादा गेला आणि माझ्या ऐकण्याचं मोल त्याच्या कपाटावर जाऊन बसलं.

पहिल्या खेळाच्या दुसऱ्याच दिवशी आवाजवाली भुयारी रेल्वेत गेली होती, काकूंची क्षमा मागायला. मी तिच्या पिशवीत होतो. काकू नेहमीच्या कोपऱ्यात होत्या. शेजारी नवरा बसला होता, हाताची घडी घालून. सुयांचा आवाज नव्हता. पुढचं स्थानक आलं. धाकटी चढली. तिची पावलं बाकापर्यंत आली, अडखळली आणि लांबच्या दाराशी गेली. तिचं स्थानक येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. ती उतरली तेव्हा काकूंनी नाक ओढलं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. धूळ."

आवाजवाली पुढे झालीच नाही. परत आली आणि त्याच आठवड्यात तिने मला या दुकानात आणून टाकलं. "घ्या हा," म्हणाली, "मला डोळ्यांसमोर नको." मी काय केलं होतं, मित्रांनो? तिने जे ऐकवलं ते ऐकलं. आरोळी तिची चुकली, शब्द दादाने मोडला आणि घराबाहेर मी निघालो. दादाचं मला फारसं वाटत नाही, त्याचं खातं मी आधीच ओळखलं होतं. पण जिने मला फडक्यात गुंडाळून ठेवलं, तिने जाताना एकदाही मागे वळून बघू नये?

अलीकडेच काही विद्यार्थी मला भाड्याने घेऊन गेले. त्यांना गाडीच्या चाकांचा आवाज हवा होता. योगायोगाने तीच गाडी, तोच मार्ग. एका स्थानकावर एक बाई छोट्या मुलीला घेऊन चढली. "सरकता का जरा?" एवढंच म्हणाली आणि मी ओळखलं. धाकटी. मुलगी तोंडाने अखंड बडबडत होती. मावशीबद्दल काहीतरी. "आई, मावशीने मला लांबूनच असं असं केलं. तिचे दात दिसले. आपण परत कधी जायचं दवाखान्याच्या फाटकापाशी?"

म्हणजे त्यांनी दुसरी वाट काढली होती! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. धाकटी काहीतरी उत्तर देणार होती. तेवढ्यात तिची नजर वर गेली आणि तिने मला पाहिलं. तिने पटकन मुलीच्या तोंडावर हात ठेवला.

"शू. एक शब्द बोलू नकोस. तो ऐकतो."

"कोण, आई?"

"चल."

आणि ती पोरीला ओढत पुढच्या डब्यात निघून गेली.

मित्रांनो, पूर्वी लोक मला हसत, मांजर म्हणत, खायला काय घालता असं विचारत. आता माझ्यासमोर आई आपल्या लेकराचं तोंड दाबते. माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल, मला कपाटात ठेवलं तरी चालेल. माझं मागणं वेगळंच आहे. उद्या तुमच्याही हाती माझ्यासारखं काही येईल, कदाचित आजच असेल. त्यात कोणाचा तरी आवाज येईल. तो आवाज त्या माणसाचा आहे, तुमचा नाही. ऐकत असाल तर मोठ्याने सांगा. आणि कोणी न सांगता ऐकतोय असं दिसलं, तर तुमचं कोपर कोणीही कितीही दाबो, बोला. त्या दिवशी दोन शब्द पुरे होते.